सोनुने सरांचा खर्ज

सोनुने सरांशी मी पहिल्यांदा बोलले ती कुजबुजत. शिरड शहापूरच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला ग्रंथालयाची किल्ली आणायला पाठवलं. खोलीत उंचापुरा, रुंद खांद्यांचा एक माणूस भिंतीवरचे नकाशे गुंडाळत उभा होता. मी नमस्कार केला, किल्ली मागितली. त्यांनी उत्तर दिलं ते इतक्या हलक्या आवाजात, की मला वाटलं शेजारच्या खोलीत परीक्षा चालू असावी. मीही आवाज उतरवला. ते हळू बोलत होते, मी त्याहून हळू. शेवटी ते हसले, जरा पुढे वाकले आणि म्हणाले, "मॅडम, माझा आवाज गेलेला हाय. तुमचा तर चांगला हाय. मग तुमी काहून कुजबुजून राहिल्या?"

मी ओशाळले, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. आवाज गेल्यापासून त्यांनी पाहिलं होतं की दहातली नऊ माणसं त्यांच्याशी कुजबुजतच बोलतात. दूधवाली तर इकडेतिकडे बघून बोलते, जणू दुधात पाणी सरांनीच घातलंय. उरलेली माणसं ओरडतात, कारण त्यांना वाटतं की ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसणार. "असं काहून व्हत असंल?" ते मला विचारत होते. पोरांनी त्यांचं नाव 'काहून सर' ठेवलेलं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दिगंबर सोनुने सर भूगोल शिकवायचे. गळ्यात गाठ झाली, नांदेडला शस्त्रक्रिया झाली. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली होती आणि जीव वाचवायचा तर आवाजाची खात्री देता येणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. सर वाचले. आवाजाचा मात्र नुसता वारा उरला. कमरेला बांधायचा छोटा माईक लावून त्यांनी काही दिवस वर्गावर जाऊन पाहिलं. त्यातून तो वाराच मोठा होऊन यायचा, लहान वर्गातली लेकरं दचकायची. मग शाळेनं त्यांना ग्रंथालय आणि परीक्षेचं काम दिलं, आणि त्यांचे भूगोलाचे तास माझ्याकडे आले. त्यांनी नकाशे माझ्या हातात दिले, ते कसे गुंडाळायचे ते दाखवलं, आणि त्याबद्दल पुढे कधी एक शब्द काढला नाही.

वर्ग गेल्याचं दुःख त्यांना होतंच, पण त्याहून मोठं दुःख गावातल्या भजनाचं होतं. हे मला सांगितलं त्यांच्या पत्नीनं, कमलताईंनी. महादेवाच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी भजन असायचं. पुढे गायचे बळीरामबुवा. मेंढरं राखणारा माणूस, आवाज असा धारदार की शिवारातून हाक मारली तर पलीकडच्या वाडीतली कुत्री उठावीत. आणि त्यांच्या मागं बसून सोनुने सर खर्ज धरायचे, म्हणजे सगळ्यांच्या खालचा, जाडा सूर. तरणेपणापासून दोघं असेच गात आले होते. कमलताई म्हणाल्या, "लगीन झालं तवा मला वाटलं, देवळात कुणी जातं फिरवून राहिलं का काय. तर ते आमचे हे."

सरांचा आवाज गेल्यावर बुवांचं गाणं बिघडलं. खाली धरून ठेवणारं कुणी नसल्यामुळे ते चढत जायचे. तिसऱ्या अभंगाला पेटीवाल्याची धांदल उडायची. बुवाही वैतागून म्हणायला लागले की आता हे माझ्यानं होत नाही, बंद करू. सर टाळ घेऊन बसायचे, पण घरी आले की जेवायचे नाहीत. मग गुरुवारी त्यांना काही ना काही काम निघू लागलं.

अशात आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न जवळा बाजारला लागलं. ऑर्केस्ट्रा आणला होता. जेवायच्या वेळी सर पंगतीत दिसेनात. शोधत गेले तर ते स्टेजच्या कडेला, माणसाच्या उंचीच्या एका स्पीकरच्या बॉक्सला तळहात टेकवून उभे. मला पाहून त्यांनी जवळ बोलावलं आणि कानाशी म्हणाले, "खालून कोण बोलून राहिलं?" मी म्हटलं, ढोल असेल. ते मान हलवत राहिले. ढोल थांबला तरी ते चालूच असतं, म्हणाले. मग आम्ही दोघं एकेका वादकाचे हात बघत उभे राहिलो. कीबोर्डवाला थांबला, तरी चालू. गिटारवाला पाणी प्यायला, तरी चालू. शेवटी मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकजण दिसला. चार जाड तारांची लांब मानेची गिटार, आणि तो स्वतः कंटाळल्यासारखा पंख्याकडे बघत वाजवतोय. त्यानं हात थांबवला आणि सगळं गाणं एकदम पोकळ झालं. पुन्हा सुरू केला आणि भरलं. पंगतीतल्या कुणालाही यातलं काही कळलं नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे मोठे झाले होते.

त्या वादकाचं नाव सुभाष. आखाडा बाळापूरला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रा. सरांना जे विचारायचं होतं ते त्या गोंगाटात त्याला ऐकू जाईना, म्हणून ते माझ्या कानात सांगायचे आणि मी ते सुभाषला मोठ्यानं विचारायची. तिथून माझी ती नोकरी सुरू झाली, सरांचा आवाज होण्याची. याला काय म्हणतात? बेस गिटार. शिकायला किती दिवस लागतात? वाजवायचं कुठं त्यावर आहे. भजनात वाजवायची म्हटलं तर? सुभाष हसला, मग सरांचा चेहरा पाहून थांबला. म्हणाला, "भजनात तर सोपंय सर. सूर धरून बसायचं." सुभाषकडे एक जुनी बेस गिटार पडून होती. पुढच्या रविवारी सर ती घेऊन आले.

घरी आणल्यावर कळलं की या वाद्याला स्वतःचा आवाजच नाही. साध्या गिटारीसारखं पोकळ पोट नसतं. भरीव लाकूड आणि वर तारा. विजेशिवाय वाजवली तर तार हललेली दिसते, ऐकू येत नाही. मी भीत भीत विचारलं, सुभाषनं हे सांगितलं नव्हतं का? सरांना गंमतच वाटली. "माझ्यासारखीच हाय," म्हणाले. "तकलीफ तिला बी गळ्याचीच."

मग त्यांचे प्रयोग सुरू झाले. गिटारीच्या मानेचं टोक लाकडी कपाटाला टेकवून वाजवलं की सूर थोडा मोठा होतो, हे त्यांनी शोधून काढलं. लोखंडी कपाटाला टेकवलं तर होत नाही, उलट कडी वाजते. दाराला टेकवलं तर होतो, पण शेजारी उठून येतात कोण आलं म्हणून. मी गेले की ते मला कपाटाला कान लावायला सांगायचे. कमलताई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "मॅडम, तुमी तरी ह्यांना समजावा. कपाटातले लुगडे बी गाऊन राहिले आता." बोटं वळायला लागली तशी सुभाष आठवड्यातून एकदा येऊन धडा द्यायचा. बुवांचा सूर पांढरी चार, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी. गिटारीच्या सगळ्यात जाड तारेवर, मानेवरच्या पहिल्याच पडद्यावर तो सापडला, तेव्हा सर किती तरी वेळ तोच एक सूर वाजवत बसले होते.

पण देवळात कपाट कसं न्यायचं? अ‍ॅम्प्लिफायर हवा होता, आणि इथंच खरी अडचण होती. कमलताईंनी खर्चाचा आकडा ठरवून दिला होता आणि तो ओलांडायचा नाही हे सरांना मान्य होतं. त्यामुळे आधी घरात आणि गावात जे आहे ते लावून बघायचं ठरलं. भजनी मंडळाचा भोंगा होता. त्याला जोडल्यावर नुसतं बोटांचं टक टक ऐकू आलं, सूर गायब. सर भोंग्याच्या तोंडात डोकावून पाहत होते, सूर आत कुठं अडकला का म्हणून. मग सुभाषनं त्याचा साध्या गिटारीचा छोटा अ‍ॅम्प वापरायला दिला. त्यातून सूर आला, पण आवाज जरा वाढवला की आतल्या स्पीकरचा कागदी पडदा फडफडायचा. सुभाषनं धावत येऊन बटण बंद केलं. बेसच्या जाड सुराला स्पीकरच्या पडद्याला फार लांब मागंपुढं जावं लागतं, तेवढा दम छोट्या पडद्याला नसतो, जोर केला तर तो फाटतो, असं त्यानं समजावलं. सर विचार करून म्हणाले, "मनजे हळू आवाजाला जागा जास्ती लागते? हे तर उलटंच झालं." हळू नाही, खालचा, असं सुभाष म्हणाला. पण सरांनी आपलंच वाक्य धरलं. पुढे कितीतरी दिवस ते त्यावर विचार करत होते.

शेवटी आम्ही नांदेडला गेलो. सर, मी आणि पाठीवर घोंगडीत गुंडाळलेली गिटार, कारण सुभाषनं बजावलं होतं की दुकानातल्या गिटारीवर ऐकू नका, आपलीच न्या. वाद्यांच्या दुकानात शिरलो तशी मालकांनी मला विचारलं, "किसके लिए? बच्चे के लिए?" मी सरांकडे बोट दाखवलं. मालक भले होते, पण पुढचा सगळा वेळ ते माझ्याशीच बोलत राहिले. सर माझ्या कानात सांगायचे, मी विचारायची.

प्रथम त्यांनी एक मोठा अ‍ॅम्प दाखवला. दोन माणसांनी उचलायचा, पुढं बटणांची रांग. आवाज सोडला तसा काउंटरवरचा काचेचा ग्लास सरकला. सर कानात म्हणाले, "हा कुणाला भेवडवायला बनवला, विचारा." मी विचारलं, हा जरा मोठा होत नाही का? सरांनी माझ्या हाताला हलकेच टोचलं. "मी विचारलं ते विचारा. गोड नका करू." मग मला तसंच्या तसं विचारावं लागलं. मालक हसायला लागले आणि त्यानंतर सरांकडे बघून बोलू लागले. तो अ‍ॅम्प मोठ्या स्टेजसाठी असतो, म्हणाले. किंमत कमलताईंच्या आकड्याच्या फार पुढे होती.

दुसरा अगदी लहान होता, शाळेच्या दप्तराएवढा. घरात बसून शिकायला उत्तम, कानाला हेडफोन लावता येतो, शेजाऱ्यांना त्रास नाही. आकड्यातही बसत होता. सरांनी तो हळू करून ऐकला, बरा वाटला. मग त्यांनी मला टाळ्या वाजवायला सांगितलं, जोरात, मृदंगावर थाप पडते तशा. दुकानातलं एक गिऱ्हाईकही हौसेनं सामील झालं. आमच्या टाळ्यांखाली अ‍ॅम्पचा सूर पार बुडून गेला. "घरात चालंल," सर म्हणाले, "देवळात न्हाई चालणार." तिसरा मधला होता, नवाकोरा, दहा इंची स्पीकर. तो सगळ्यांना आवडला आणि तो आकड्याच्या थोडा वर होता. मालक म्हणाले, थोडं मागंपुढं करू. मी सरांना म्हटलं, कमलताईंशी फोनवर बोलते. सरांनी नकारार्थी मान हलवली. शब्द दिला होता.

आता रिकाम्या हातानं परत जायचं, असं मी धरून चालले होते. सर मात्र दुकानात फिरत होते, आणि कोपऱ्यात, धुळीनं भरलेल्या एका बॉक्सपाशी थांबले. बारा इंची स्पीकर, एका कडेला खरचटलेला, वर कुणीतरी चहाचा कप ठेवून गोल डाग पाडलेला. मालक म्हणाले, तो कीबोर्डचा आहे, जुना, कुणीतरी बदलून गेलं, तुमच्या कामाचा नाही. सरांनी माझ्या कानात सांगितलं, मी विचारलं, "कीबोर्डात जाडे सूर नसतात का?"

मालक बोलायला गेले आणि थांबले. "होते हैं," म्हणाले. "लेफ्ट साईड में तो होते हैं." त्यांनी फडक्यानं धूळ झटकली आणि वायर जोडली. कीबोर्डला वरपासून खालपर्यंत सगळे सूर लागतात, त्यामुळे त्याचा बॉक्स खालचेही सूर झेपवतो. फक्त फार जोर करायचा नाही. सरांना जोर करायचाच नव्हता. बाकीचे लोक अ‍ॅम्प मोठा करून ऐकतात, सर बटण जवळजवळ बंद होईपर्यंत खाली आणून ऐकत होते. मालकांनी कारण विचारलं. सर पहिल्यांदाच माझ्यामार्फत न बोलता काउंटरवर वाकले आणि त्या वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाले, "मोठ्यानं सगळेच चांगले वाटतात."

मग त्यांनी मला दुकानाच्या मध्यभागी उभं केलं आणि काहीतरी वाचायला सांगितलं. हाताशी काही नव्हतं. शेवटी एका खोक्यावरच्या सूचना वाचल्या. हा माल ओलाव्यापासून दूर ठेवा, उलटा ठेवू नका, वर वजन ठेवू नका. मी वाचत होते, सर तो पांढरी चारचा सूर धरून बसले होते. ते मला थांबवायचे, पुन्हा वाचा म्हणायचे, स्वतः दारापर्यंत जाऊन मालकांना तार छेडायला लावून ऐकायचे. मला हे काय चाललंय ते कळेना. पण तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की माझा आवाज नेहमीपेक्षा नीट लागतोय. जोर न करता शब्द सुटे पडत होते. मोठ्या अ‍ॅम्पवर मालकांनी वाजवलं तेव्हा मला बोलताना घसा ताणावा लागला होता, इथं तसं काही होत नव्हतं. सर परत आले आणि म्हणाले, "त्याच्यावर दुसऱ्याला बोलता आलं पाहिजे. न्हाई तर तो खर्ज कसला?"

सुभाषनं शिकवल्याप्रमाणे त्यांनी प्रत्येक बटण सावकाश फिरवून पाहिलं. एकात खरखर होती, ती मालकांनी औषध मारून घालवली. मोबाईलच्या उजेडात जाळीतून स्पीकरचा कागद फाटलेला नाही ना ते पाहिलं. काही बिघडलं तर परत आणा, असा शब्द मालकांनी दिला. किंमत आकड्यात बसली आणि उरलेल्या पैशांत चहाही झाला. एसटीत तो बॉक्स आम्ही मागच्या सीटखाली ठेवला आणि सर सगळा रस्ता त्याला पाय लागू नये म्हणून अवघडून बसले. घरी कमलताईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, चहाचा डाग पाहिला आणि म्हणाल्या, "आधीच्या मालकानं बी ह्याच्यावर चहाच ठेवला. मी बी ठेवीन." ठेवला मात्र कधीच नाही.

बुवा सहजासहजी तयार झाले नाहीत. लग्नातलं वाद्य देवळात आणायचं नाही, म्हणाले. सरांच्या वतीनं वाद घालायला मीच होते, आणि बुवांसमोर माझी जीभ वळेना. सर मला सांगत होते, मी शब्द जुळवत बोलत होते. सरांनी विचारायला लावलं, "पेटी देवळात कुठून आली, बुवा?" बुवा म्हणाले, ती तर आमच्या बापापासून आहे. "आन् बापाच्या बापाला?" नव्हती, हे बुवांनी मानेनंच कबूल केलं. ते खोटं बोलणारे नव्हते. मग म्हणाले, "एक गुरुवार. एकच."

त्या गुरुवारी सुभाषही आला. देवळात बॉक्स लावला आणि बटण दाबताच त्यातून हुंऽऽ असा एकसारखा घुमारा यायला लागला. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी म्हणालं, मधमाशा शिरल्या. सरांचा चेहरा उतरला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. सुभाषनं बोर्ड उघडून पाहिलं, तर देवळाच्या वायरिंगला अर्थिंगच नव्हतं. त्यानं शेजारच्या खोलीतून, जिथं पाण्याच्या मोटरीचं नीट अर्थिंग होतं, तिथून वायर ओढली. घुमारा गेला. या सगळ्या गडबडीत बुवा डोळे मिटून बसले होते.

पहिला अभंग सुरू झाला. सरांनी फार काही वाजवलं नाही. ओळ सुरू होताना एक सूर, संपताना तोच. पहिल्यांदा तो आला तेव्हा मृदंगवाल्यानं मान वर केली. सतरंजीवर बसलेल्या मला तो मांडीखालून कळला, कानाला नंतर. बुवा गात होते. नेहमी जिथं चढायला लागायचे त्या ठिकाणी आले, पेटीवाला सावध झाला, आणि बुवा चढले नाहीत. पुढच्या ओळीवरही नाहीत. मग अचानक अर्ध्या ओळीतच त्यांनी गाणं सोडलं. टाळ थांबले. सगळ्यांना वाटलं, झालं, आता उठून जाणार. बुवांनी मान वळवून बॉक्सकडे पाहिलं, मग सरांकडे. म्हणाले, "दिगंबर, पुन्हा धर. तवाचा धर." आणि ओळ पहिल्यापासून उचलली.

सर गिटारीवर इतके वाकले होते की त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त कान लाल झालेले दिसत होते. कमलताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत राहिल्या. त्या संध्याकाळी सर घरी जाऊन जेवले का, हे मी दुसऱ्या दिवशी विचारलं. कमलताई म्हणाल्या, "जेवले? भाकरी पुरली न्हाई."

नंतरची वर्षं सरांच्या बाबतीत चांगली गेली. एका गुरुवारचे सगळे गुरुवार झाले. सरांच्या प्रश्नांना मात्र खळ नव्हता. मृदंगाच्या जवळ बॉक्स ठेवला तर सूर धूसर का होतो, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला तर फुगतो का, देवळात माणसं भरली की तोच सूर कमी का ऐकू येतो. मी म्हणाले, माणसं आवाज खात असतील. त्यांना ते फार आवडलं. मग पावसाळ्यातली माणसं, घोंगड्या पांघरलेली, जास्त खातात का ते त्यांनी पाहिलं. खातात, असं त्यांचं मत झालं. वर्गात शिकवताना माझा घसा बसायचा, तो कधी बसेनासा झाला ते मला आठवत नाही. पण भूगोलाच्या तासाला मी ओरडणं सोडलं ते त्यांच्या सोबतीत. त्यांनी तसं कधी सांगितलं नाही. ते फक्त वर्गाबाहेरून जाता जाता थांबायचे, ऐकायचे, आणि मान डोलावून पुढे जायचे.

सर निवृत्त झाले, माझी बदली सेनगावकडं झाली. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी, जेवून पडले असताना, सर गेले. आजारी वगैरे काही नव्हते. मी गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि सगळे हळू आवाजात बोलत होते. नातेवाइकांनी सुचवलं होतं की गिटार आणि तो बॉक्स सरांच्या फोटोजवळ मांडावा, आठवण म्हणून. कमलताईंनी ऐकलं नाही. त्यांनी दोन्ही गोष्टी देवळात पाठवून दिल्या होत्या. मला म्हणाल्या, "हार घालायला फोटो हाय की. वाजती चीज घरात मुकी ठेवून मी काय करू? ह्यांनी लई दिवस काढले तसे."

तो गुरुवार होता, म्हणून मी थांबले. लग्नसराई नव्हती, त्यामुळे सुभाष आला होता, सरांची गिटार घेऊन बसला होता. बुवा आता फार थकलेत, पण बसले की आवाज तोच. अभंग सुरू झाला आणि सुभाषची बोटं सवयीनं चालायला लागली. ऑर्केस्ट्रातला माणूस. एका सुरावर राहीना, दोन सुरांच्या मधल्या जागा भरत गेला. कानाला ते गोडच लागत होतं. पेटीवाल्यानं खुशीत मान डोलावली. बुवांनी मात्र गाता गाता हात वर केला, मागं न बघता.

"सुभाष," ते म्हणाले, "कमी."

सुभाषनं बोटं आवरली, एक सूर धरला आणि धरून ठेवला. बुवांनी पुढची ओळ घेतली.